तोळाभर सोन्यासाठी चार टन दगड : हट्टी, ऊटी, मस्की आणि जोन्नगिरी

लातूरच्या एका बँकेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. पेरणीच्या तोंडावर बोरमाळा, पाटल्या, एकदाणी, ठुश्या तिजोरीत यायच्या आणि सोयाबीन-तुरीचे पैसे हातात पडले की आपापल्या घरी परत जायच्या. बँकेचा सोनार कसोटीवर घासून कस सांगायचा, मी वजन लिहायचो. एवढं सोनं हाताखालून गेलं, पण ते जमिनीतून निघतं कसं हे पाहायचं राहून गेलं होतं. आपल्या देशात सोन्याची खाण म्हटलं की लोक कोलारचं नाव घेतात. ती तर 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाली. आज वर्षानुवर्षं सलग चालू असलेली मोठी खाण एकच, हट्टी. रायचूर जिल्ह्यातला लिंगसूगूर तालुका, म्हणजे सोलापूरहून गाडीत बसलं तर दिवसभरात आरामात पोचता येईल असं अंतर. त्याच कंपनीच्या ऊटी आणि हिरे-बुद्दिन्नी या शेजारच्या खाणी, आणि त्यापुढे आंध्रात जोन्नगिरीला उभी राहिलेली नवी खासगी खाण, असा बेत ठरवला.

बायकोचं माहेर अक्कलकोटचं, घरात कन्नड. त्यामुळे दुभाषाचा प्रश्न मिटला होता. निघालो जूनच्या अखेरीस. हाच महिना का निवडला, ते जोन्नगिरीच्या टप्प्यात येईल.

शुक्रवार : सोलापूर ते रायचूर

गाडीचा प्रवास नेहमीचाच. कलबुर्गी गेलं, वाडी जंक्शनला गाडी बरीच रेंगाळली. यादगीरजवळ भीमा ओलांडली, रायचूरच्या अलीकडे कृष्णा. पंढरपूरची चंद्रभागा आणि वाईची कृष्णा इथे जवळच एकमेकींना भेटतात, आणि पुढे तुंगभद्रेपर्यंतचा जो पट्टा लागतो तो रायचूर दोआब. या तुकड्यासाठी बहमनी आणि विजयनगर पिढ्यान्‌पिढ्या लढले. शाळेत हे वाचताना वाटायचं, एवढ्या कोरड्या मुलखासाठी एवढी मारामारी कशाला? सुपीक जमीन, किल्ले ही कारणं आहेतच. पण जमिनीखाली काय आहे हे कळलं की प्रश्न जरा सोपा होतो.

संध्याकाळी रायचूरच्या किल्ल्यावर चक्कर मारली. तटबंदीत बसवलेली एक अखंड शिळा पाहण्यासारखी आहे. लांबी चाळीस फुटांहून जास्त, वर 1294 सालचा लेख, आणि बाजूला ती शिळा जनावरं जुंपून ओढत आणतानाचं कोरीव चित्र. काम कसं केलं याचा पुरावा त्याच दगडावर ठेवून देणारी माणसं मला आवडतात.

रात्री खानावळीत ज्वारीची रोट्टी, भरलं वांगं आणि शेंगाची चटणी. आमच्याकडच्या ताटात आणि या ताटात फरक एवढाच की इथे रोट्टी पापडासारखी पातळ आणि दही मागावं लागत नाही, आपणहून वाढतात.

*जाणाऱ्यांसाठी:* हट्टीत मुक्कामाची सोय बेताची आहे. लिंगसूगूरला साधी पण स्वच्छ लॉज मिळतात, तिथे तळ ठोकावा. मे महिना टाळा. रायचूरचा उन्हाळा लातूरच्या माणसालाही झेपत नाही.

शनिवार : हट्टी

रायचूरहून सिरवार-कविताळवरून बस. खिडकीबाहेर काळी रानं, नुकतीच पेरणी झालेली, मधूनच कालव्याच्या पाण्यावरचा भात. बसमध्ये कापसाच्या बियाण्याच्या पिशव्या आणि त्यांच्या भावावरून चाललेला वाद. कन्नड कळत नसतानाही तो वाद मला शब्द न्‌ शब्द समजला.

हट्टी जवळ आल्याचं दोन गोष्टींवरून कळतं. एक, शाफ्टच्या (खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीच्या) तोंडावरचे उंच लोखंडी मनोरे, ज्यांच्या चाकांवरून पिंजऱ्याचा दोर फिरतो. दुसरं, सपाट माथ्याच्या राखाडी टेकड्या. त्या टेकड्या निसर्गाच्या नाहीत, सोनं काढून घेतल्यावर उरलेल्या दळलेल्या दगडाच्या आहेत. सगळ्या गावाकडे त्यांची पाठ आहे असं वाटतं.

खाण पर्यटकांसाठी खुली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे गट कॉलेजमार्फत पत्रव्यवहार करून परवानगी काढतात. आम्ही दोघं कोणत्याच गटात बसत नव्हतो. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने नम्रपणे नकार दिला आणि समोरच्या टपरीकडे बोट दाखवून म्हणाला, तिथे बसा, खाणीतली अर्धी माणसं तिथेच भेटतील. हा सल्ला लाख मोलाचा निघाला.

टपरीवर पहिल्यांदा खाल्ली ती मंडक्की वग्गरणी आणि मिर्ची भजी. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, हळद, हिरवी मिरची, वर डाळव्याची पूड. सोलापुरात याला सुसला म्हणतात. बायकोने तसं सांगताच टपरीवाल्याने दुसरी बशी न मागताच पुढे केली.

तिथेच भेटले एक निवृत्त खाणकामगार. आयुष्यभर जमिनीखाली ड्रिल मशीन चालवलेलं. बायकोशी कन्नडमध्ये, माझ्याशी दख्खनी हिंदीत. तिला 'अक्का' आणि मला 'सर' म्हणत त्यांनी जे समजावलं, ते कुठल्या माहितीपत्रकात सापडलं नसतं.

हट्टीला सोन्याची एक शीर नाही, एकमेकींना समांतर अशा कितीतरी आहेत. ओकलीज, मिडल, झोन वन, स्ट्राइक, व्हिलेज अशी त्यांची नावं. जुन्या कामगारांच्या तोंडी ही नावं शेताच्या नावांसारखी येतात: मी स्ट्राइकवर होतो, माझा भाऊ झोन वनवर. मुख्य शाफ्ट मल्लप्पा शाफ्ट. पिंजऱ्यातून खाली उतरायचं. खोली आजही फुटांत मोजतात, आणि काम अडीच हजार फुटांच्याही खाली पोचलेलं आहे. भोकं पाडायची, सुरुंगाची दारू भरायची, माणसं बाजूला झाली की उडवायचं, धूर निघून जाईपर्यंत थांबायचं, मग फुटलेला दगड ओढायचा. ‘‘ऊपर गर्मी, नीचे उससे जादा गर्मी,’’ ते म्हणाले. पंख्यांनी हवा खाली ढकलतात, तरी दगडाची स्वतःची ऊब असतेच.

मी विचारलं, सोनं दिसतं का खाली?

‘‘सोना दिखता नै सर. सफेद पत्थर दिखता, काला पत्थर दिखता. तीस साल पत्थर तोड़ा. सोना हात में लिया तो बेटी के शादी में लिया.’’

हे खरंच आहे. हट्टीच्या एक टन दगडात अलीकडे सरासरी तीन ग्रॅमच्या आसपास सोनं असतं, तेही डोळ्यांना न दिसणारं. माझ्या जुन्या सवयीने मी तिथेच हिशेब केला. एक तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम. म्हणजे तोळाभरासाठी जवळजवळ चार टन दगड फोडायचा, अर्ध्या मैलाच्या खोलीवरून वर आणायचा, क्रशरमध्ये भरडायचा, आणि लोखंडी गोळ्यांच्या गिरणीत पिठासारखा दळायचा. मग त्या पिठात पाणी, चुना आणि सायनाइड. सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळतं, इतर बहुतेक दगड विरघळत नाही. सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. विरघळलेलं सोनं कोळशाचे दाणे शोषून घेतात, कोळशातून ते परत सोडवून घेतात, आणि शेवटी भट्टीत वितळवून लादी ओततात. उरलेला चिखल नळाने त्या राखाडी टेकड्यांकडे.

आयुष्यभर मी पावतीवर 'घट' नावाचा रकाना भरला. लाख, डाग, मणी वजा करून निव्वळ सोनं किती ते लिहायचं. इथली घट पाहिल्यावर तो रकाना फारच किरकोळ वाटला.

कंपनीचा इतिहास मराठवाड्याच्या माणसाला परका नाही. 1947 साली निजामाच्या राज्यात 'हैदराबाद गोल्ड माइन्स' म्हणून ती सुरू झाली. तेव्हा लातूर आणि हट्टी एकाच राज्यात होते, एकाच हैदराबादकडे तोंड करून. 1956 मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, रायचूर म्हैसूर राज्यात, आणि कंपनीचं नाव 'हट्टी गोल्ड माइन्स' झालं. आज ती कर्नाटक सरकारच्या मालकीची आहे. त्याआधी इंग्रज कंपन्यांनी इथे काही वर्षं काम करून, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सोडून दिलं होतं.

पण इंग्रजांनीही काही नवीन शोधलं नव्हतं. त्यांना इथे जुने खड्डे सापडले, आणि ते त्या खड्ड्यांमागोमाग खाली गेले. हट्टीची प्राचीन खोदकामं 640 फुटांपर्यंत खोल गेलेली आढळली. आत सापडलेल्या लाकडाचं कार्बन पद्धतीने वय काढलं, ते दोन हजार वर्षांच्या आसपास भरलं. दारू नाही, ड्रिल नाही, पंखे नाहीत. दगडाशी जाळ करायचा, तापलेल्या दगडावर पाणी ओतायचं, तो तडकला की घणाने फोडायचा. त्या धुरात 640 फूट खाली कोण उतरत असेल, स्वेच्छेने की जबरदस्तीने, याची नोंद कुठे नाही. राजांच्या नावांनी शिलालेख भरलेले आहेत.

संध्याकाळी पाळी सुटली तशी वसाहतीतल्या रस्त्यावर गर्दी झाली. कडुलिंबाच्या रांगा, क्वार्टर्स, दवाखाना, शाळा, भाजीचा छोटा बाजार. आजूबाजूच्या कोरडवाहू मुलखात हे गाव वेगळं उठून दिसतं, कारण इथे महिन्याच्या महिन्याला पगार येतो. कोलार बंद पडल्यावर तिकडचे काही जण इथे आले, असं त्या काकांनी सांगितलं. 'खाण किती वर्षं चालेल?' हा प्रश्न मी विचारला तेव्हा टपरीवर पहिल्यांदाच जरा शांतता झाली. मग कुणीतरी म्हणालं, नवीन शाफ्ट होतोय की! आणि बोलणं परत सुरू झालं.

*जाणाऱ्यांसाठी:* खाणीच्या फाटकाचे, यंत्रांचे फोटो काढू नका, हटकतात आणि ते योग्यच आहे. सायनाइडच्या चिखलाच्या तळ्यांजवळ तर जाऊच नये.

रविवार : ऊटी आणि कृष्णाकाठ

ही ऊटी म्हणजे निलगिरीतली नव्हे. देवदुर्ग तालुक्यातलं हे गाव हट्टीहून वीसेक किलोमीटरवर आहे आणि थंड हवेशी त्याचा काहीही संबंध नाही. आम्ही एक जीप ठरवली होती, तिचा ड्रायव्हर दर वळणावर हा विनोद करत होता.

ऊटीची खाण भुयारी नाही, उघडी. पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेला मोठा खड्डा. रस्त्यावरून कुंपणापलीकडे मातीचे थर आणि खडीचे ढिगारे दिसतात. आदल्या रात्रीच्या पावसाने सगळं धुतलं गेल्याने दगडाचे रंग छान उठले होते, वर तांबूस, खाली हिरवट-काळा. हा सगळा हट्टी-मस्कीचा पट्टा अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी खडकांचा. आपल्या घरासमोरचा काळा दगड त्याच्यापुढे अगदी परवाचा, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. दख्खनच्या लाव्ह्याखाली आपल्याकडे जे झाकलं गेलंय, ते इथे उघडं आहे, एवढाच दोन्ही मुलखांतला फरक. (विदर्भात नागपूर-भंडाऱ्याकडे जुना खडक वर आहे, तिथे सोन्याच्या खुणा मिळालेल्याही आहेत.)

ऊटीला गिरणी नाही. इथला दगड ट्रकने हट्टीला जातो. हिरे-बुद्दिन्नीचाही तसाच. लहान खाणींचं गणित असंच असतं: प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र कारखाना परवडत नाही, म्हणून जवळच्या मोठ्या गिरणीला दगड पुरवायचा. हिरे-बुद्दिन्नीला आम्ही वाट वाकडी करून गेलो; लांबून शाफ्टचा मनोरा आणि एक बंद फाटक, याशिवाय पाहण्यासारखं काही नव्हतं.

या दिवसाची खरी गोष्ट घडली ती रस्त्याकडेच्या हॉटेलात. आमचं मराठी ऐकून शेजारच्या बाकावरची एक लमाणी बाई वळली आणि म्हणाली, ‘‘तुम्ही पुण्याकडचे का?’’ मराठी अस्सल बांधकामावरचं, पुण्याचं. ती आणि नवरा दिवाळीनंतर वाकड-हिंजवडीकडे बिल्डिंगच्या कामावर येतात आणि पेरणीला तांड्यावर परततात. मुलगा तिकडच्याच साखरशाळेत की कुठल्या शाळेत थोडं शिकलाय, त्याचं मराठी तिच्याहून चांगलं.

‘‘इथं सोन्याची खाण असताना तिकडं कशाला?’’ मी विचारलं.

ती हसली. ‘‘खाणीत माणसं लागतात थोडी, तीपण शिकलेली. मशीन चालवायचं असतं. तिकडं सिमेंट कालवायला कोण शाळा विचारतंय?’’

बायकोने तिच्या गळ्यातल्या चांदीच्या जुन्या दागिन्याचं कौतुक केलं. ती म्हणाली, आईचा आहे. सोन्याचं काही? ‘‘होतं. मोटारसायकलीसाठी गहाण आहे.’’ कुठल्या बँकेत, हे मी विचारलं नाही.

हा माझ्या प्रवासातला सगळ्यात मोठा विरोधाभास. रायचूर-यादगीरच्या पट्ट्यातून हजारो माणसं पुण्या-मुंबईला, बेंगळुरूला, गोव्याला मजुरीला जातात. त्यांच्या गावाखालून निघतं ते सोनं, आणि त्यांना जगवतं ते पुण्याचं सिमेंट. हट्टीचं गाव खाणीवर उभं आहे हे खरं, पण खाणीचा उजेड वसाहतीच्या कुंपणापलीकडे फार लांब पडत नाही. आणि एकूण सोनं तरी केवढं? वर्षाला दीड टनाच्या आसपास. आपला देश वर्षाला सातशे-आठशे टन विकत घेतो. म्हणजे लग्नसराईतला एखादा बऱ्यापैकी दिवस हट्टीचं वर्षभराचं उत्पादन संपवून टाकेल.

संध्याकाळी लिंगसूगूर-शोरापूर रस्त्यावर तिंथणीच्या पुलापर्यंत गेलो. पलीकडे मौनेश्वराचं देवस्थान, हिंदू-मुसलमान दोघांचंही. कृष्णा पावसाच्या पहिल्या पाण्याने गढूळ. हट्टीच्या गिरणीला आणि गावाला लागणारं पाणी याच नदीचं. महाबळेश्वरला पडलेल्या पावसात शेवटी इथलं सोनं धुतलं जातं म्हणायचं.

सोमवार : मुदगल, मग मस्की

सकाळी मुदगल. किल्ला मोठा, खंदकाला पाणी होतं आणि दरवाज्यात शेळ्या. या गावाची एक कथा आहे. 1406 साली मुदगलच्या एका सोनाराच्या देखण्या मुलीसाठी विजयनगरच्या पहिल्या देवरायाने फौज पाठवली, मुलीचं कुटुंब आधीच पळून गेलं होतं, फौजेने मुलूख लुटला, आणि ते निमित्त करून फिरोजशहा बहमनी चालून गेला. युद्धाला 'सोनाराच्या मुलीचं युद्ध' असंच नाव पडलं. शेवटी तिचं लग्न फिरोजशहाच्या मुलाशी झालं म्हणतात. मुदगल, रायचूर आणि हट्टीचा पट्टा एकमेकांच्या किती जवळ आहे हे पाहिल्यावर दोघा राजांना नेमकं काय हवं होतं, याबद्दल माझं वेगळं मत झालं आहे. मुलीच्या बापाचा धंदाही लक्षात घ्या.

दुपारी मस्की. इथे थांबायचं ठरवून थांबा, धावत पाहून निघू नका. गावाला लागून गोलगरगरीत दगडांची टेकडी आहे, आणि तिच्यावर एका मोठ्या दगडाच्या आडोशाला सम्राट अशोकाचा लघुशिलालेख. पुरातत्त्व खात्याने जाळी लावली आहे. ब्राह्मी अक्षरं झिजलेली, पण तिरप्या उन्हात ओळी दिसतात.

याचं महत्त्व असं. जेम्स प्रिन्सेपने 1837 मध्ये ब्राह्मी वाचली, तेव्हा लेखांत राजाचं नाव मिळालं ते 'देवानांपिय पियदसी'. हा पियदसी म्हणजेच बौद्ध ग्रंथांतला अशोक, हे नंतर इतर आधारांनी जुळवलं गेलं. प्रत्यक्ष दगडावर 'अशोक' हे नाव पहिल्यांदा सापडलं ते मस्कीला, 1915 साली. आणि सापडलं कुणाला? सी. बीडन नावाच्या इंग्रज माणसाला, जो सोन्याच्या खाणींचा अभियंता होता.

बीडन सोनं शोधत हिंडत होता. अशोकाचे अधिकारीही त्याच कारणाने इथवर आले असावेत, असं बऱ्याच इतिहासकारांना वाटतं. कर्नाटकातल्या ब्रह्मगिरी आणि सिद्धापूरच्या लेखांत आज्ञा कुठून सुटली त्या ठिकाणाचं नावच 'सुवर्णगिरी' आहे. तिथे राजपुत्र राहून दक्षिणेचा कारभार पाही. ती सुवर्णगिरी कोणती यावर मतं आहेत: कुणी मस्की म्हणतं, कुणी कोप्पळ जिल्ह्यातलं कनकगिरी, कुणी आंध्रातलं जोन्नगिरी. तिन्ही जागा सोन्याच्या पट्ट्यांत.

टेकडीवर आम्ही दोघं आणि क्रिकेटचा चेंडू शोधायला आलेली चार पोरं. त्यातल्या एकाने बायकोला कन्नडमध्ये शिलालेखाची सगळी माहिती सांगितली, न अडखळता, शाळेत पाठ करून घेतल्यासारखी. आणि मग विचारलं, ‘‘अक्का, चेंडू दिसला का?’’

*जाणाऱ्यांसाठी:* मस्कीला सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. भर दुपारी दगड तापतात आणि अक्षरंही दिसत नाहीत. सिंधनूरमार्गे रायचूरला भरपूर बस आहेत.

मंगळवार : रायचूर ते गुंतकल

दिवसभर पाऊस. गाडी, लॉज, झोप. गुंतकल स्टेशनबाहेर 'उग्गानी बज्जी' खाल्ली आणि दोघंही हसलो: तेच चुरमुरे, तीच डाळव्याची पूड, तीच मिरची. राज्य बदललं, भाषा बदलली, बशी तीच.

बुधवार : एर्रगुडी आणि जोन्नगिरी

गुत्ती-पत्तिकोंडा रस्त्यावर एर्रगुडी. इथेही अशोक, आणि इथे तर त्याने हात सैल सोडला आहे: चौदाही मोठे शिलालेख आणि शिवाय लघुलेख, वेगवेगळ्या दगडांवर. चांगला जिना आणि शेड आहे. एका लघुलेखात लेखनिकाने गंमत केली आहे. काही ओळी डावीकडून उजवीकडे, तर काही उजवीकडून डावीकडे, नांगराने तास फिरवावेत तशा. हे लेख 1928-29 च्या सुमारास लक्षात आले तेही एका भूगर्भशास्त्रज्ञाच्या, अनु घोष यांच्या. मस्कीला खाण अभियंता, इथे भूगर्भशास्त्रज्ञ. पुरातत्त्वाच्या लोकांनी खडकवाल्यांचे आभार मानायला हवेत.

तिथून जोन्नगिरी जवळच. कर्नूल जिल्हा, तुग्गली मंडल. जून निवडायचं कारण इथे दिसलं. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि तांबड्या रानात माणसंच माणसं. कमरेत वाकून, नजर जमिनीवर, रांगेने चाललेली. बायका, म्हातारे, कॉलेजची मुलं. झाडाखाली प्लास्टिकचे तंबू, चुली. हे सगळे हिरे शोधत होते.

थट्टा नव्हे. पहिल्या पावसाने वरची माती धुतली गेली की जोन्नगिरी, तुग्गली, मद्दिकेरा या भागात खरोखर हिरे सापडतात. शेजारच्या अनंतपूर जिल्ह्यात वज्रकरूरला हिरे वर आणणारे किंबरलाइटचे प्राचीन ज्वालामुखी नळ आहेत, ते झिजून खडे इकडेतिकडे पसरलेत असं मानतात. दरवर्षी बातम्या येतात: अमक्या शेतमजुराला खडा मिळाला, व्यापाऱ्याने इतके लाख दिले. मग पुढच्या वर्षी गर्दी आणखी वाढते. पेरलेलं रान तुडवलं जातं म्हणून काही शेतकरी वैतागतात, बांधावर 'आत येऊ नये'च्या पाट्याही दिसल्या.

एक आजोबा अदोनीहून आले होते. त्यांना हिंदी येत होती. 'कधी सापडला का?' यावर त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत सात-आठ चकचकीत खडे, सगळे गारगोटीचे. ‘‘व्यापारी म्हणतो दगड आहे. पण व्यापाऱ्याचं काय, तो असंच म्हणणार.’’ बँकेत खोट्या सोन्याचे दागिने घेऊन येणारी अनेक माणसं पाहिली आहेत, त्यांतली बरीचशी फसवणारी नसून फसलेली असायची. मी काही बोललो नाही. बायको मात्र खाली वाकून शोधायला लागली होती. अर्ध्या तासाने, पदर चिखलाने भरल्यावर, ‘‘अहो, निघू या, नाहीतर मी इथेच राहीन,’’ म्हणाली.

आणि या सगळ्या वाकलेल्या माणसांच्या मागे, थोड्या अंतरावर, नव्या सोन्याच्या खाणीचा प्रकल्प. जिओमैसूर सर्व्हिसेस या कंपनीचा. तिच्यात मुंबई शेअर बाजारावर नोंदलेल्या डेक्कन गोल्ड माइन्सचा मोठा हिस्सा आहे. स्वातंत्र्यानंतर खासगी क्षेत्रात उभी राहिलेली सोन्याची पहिली मोठी खाण म्हणून हिचं नाव घेतात. जवळपास पंधराशे एकरांचा खाणपट्टा 2013 मध्ये मंजूर झाला, प्रत्यक्ष कारखाना उभा राहायला त्यानंतर दहा वर्षांच्या आसपास लागली. पूर्ण जोरात आल्यावर वर्षाला पाऊण टनाच्या घरात सोनं, असा कंपनीचा जाहीर अंदाज. म्हणजे हट्टीच्या साधारण निम्मं.

हट्टीशी तुलना अटळ आहे. हट्टी म्हणजे शाफ्ट, वसाहत, पिढ्या; बापाच्या जागी मुलगा. जोन्नगिरी म्हणजे उघडा खड्डा, डंपर, नवे पत्रे. इथे पगारी वसाहत दिसत नाही, भाड्याने लागलेल्या जीपा आणि ट्रॅक्टर दिसतात. चहाच्या टपरीवर एका तरुणाने सांगितलं की जमिनीचे भाव वाढले, ड्रायव्हरला काम मिळालं; त्याच्याच शेजारी बसलेला दुसरा म्हणाला, दहा-पंधरा वर्षांनी दगड संपला की काय? दोघांचंही खरं असणार. इथल्या माळावरही जुन्या खोदकामाच्या खुणा आहेत, आणि ते लोकही दगड संपल्यावर निघूनच गेले असतील.

दिवसाकाठी हिरे शोधायला येणाऱ्यांची संख्या खाणीतल्या कामगारांहून जास्त असावी, असं नुसत्या नजरेने वाटलं. निश्चित पगाराच्या कामापेक्षा अनिश्चित खड्यावर जास्त माणसं. त्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण निश्चित पगाराचं काम त्यांच्यातल्या कितींना देऊ केलं गेलंय?

*जाणाऱ्यांसाठी:* शेतात उतरण्याआधी मालकाला विचारा. पावसाळ्यात ही माती बुटाला किलोकिलोने चिकटते, जुन्या चपला न्या. इथे कन्नड आणि दख्खनी हिंदी बऱ्यापैकी चालते. रानात जेवणाची सोय नाही. गुंतकल किंवा गुत्तीहून बांधून घ्या. आम्हाला पत्तिकोंड्याच्या वाटेवर रागी संगटी आणि शेंगदाण्याची पातळ चटणी मिळाली, तशी मिळाली तर सोडू नका.

गुरुवार : गुत्ती आणि परत

शेवटचा दिवस मराठी माणसाने गुत्तीच्या किल्ल्याला द्यावाच. हे मुरारराव घोरपड्यांचं ठाणं. अठराव्या शतकात कर्नाटकातल्या प्रत्येक लढाईत ज्याची मदत कुणी ना कुणी मागत असे तो हा सरदार. 1776 मध्ये हैदर अलीने वेढा घालून गुत्ती घेतली, मुराररावांना कब्बालदुर्गावर कैदेत ठेवलं, आणि तिथेच त्यांचा अंत झाला. किल्ला शंखाच्या आकाराच्या डोंगरावर आहे. चढ दमवणारा, पण वर कड्याच्या टोकाशी एक लहानसा चुनखडीचा मंडप आहे, त्याला आजही मुराररावांची बैठक म्हणतात. तिथून खालचा मुलूख चौफेर दिसतो. जोन्नगिरीची दिशा मी अंदाजाने शोधली. पावसाच्या ढगांमुळे काही दिसलं नाही.

किल्ल्यावर पाणी मिळत नाही, दोन बाटल्या सोबत ठेवा. सकाळी सातला चढायला सुरुवात केली तर दहापर्यंत खाली येता. गुत्ती आणि गुंतकल ही दोन्ही जंक्शनं. सोलापूरकडे गाड्या जास्त गुंतकलहून आहेत, आणि रात्रीच्या गाडीचं आरक्षण आधीच केलेलं बरं. कोलार पाहायचं असेल तर ते बेंगळुरूच्या बाजूला, या फेरीत बसत नाही. तिथे आता खाण नाही, पण तिच्या खोल बोगद्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर 1965 मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो टिपले होते, आणि सायनाइडच्या चिखलाचे मोठमोठे ढिगारे अजून आहेत. बायको म्हणते, तिकडे डिसेंबरात जाऊ.